उजवीकडे शून्य का लागतं

यंदा मी दहावी पास झाले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसून. गणितात १०० पैकी ६१ मिळाले. १९९९ साली नववी पास झाले आणि शाळा सुटली ती सुटलीच. मग लग्न, चाळीसगावचं सासर, घरातलं शिवणयंत्र. ब्लाऊज, परकर, दुपटी आणि गोधड्या शिवत वीस वर्षं गेली. दहावी कशी केली ते सगळं सांगायला बसले तर पुष्कळ होईल. मला सांगायचंय ते बीजगणिताच्या पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणाबद्दल, वर्गसमीकरणांबद्दल. त्यातही पहिल्या पद्धतीबद्दल, म्हणजे अवयव पाडून समीकरण सोडवण्याबद्दल. पुस्तकात त्याला थोडीच पानं आहेत, मला त्यासाठी दीड महिना लागला. तो दीड महिना माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत धरते मी.

सुरुवात लेकीच्या आठवीच्या पुस्तकापासून झाली. अवयव पाडणं आठवीतच येतं. मलाही कधीतरी शिकवलं होतं, त्यातलं एकच वाक्य डोक्यात राहिलं होतं: बेरीज मधली, गुणाकार शेवटचा. दहावीच्या पुस्तकात इंग्रजी अक्षर वापरतात, मी वहीत क्ष लिहायचे, हाताला तेच सवयीचं. समजा समीकरण आहे

क्ष² + ७क्ष + १२ = ०

तर असे दोन आकडे शोधायचे की त्यांची बेरीज ७ आणि गुणाकार १२. १ आणि १२ ची बेरीज १३. २ आणि ६ ची ८. ३ आणि ४ ची ७, जमलं. मग ७क्ष फोडून ३क्ष + ४क्ष लिहायचं, दोन-दोन पदांतून सामाईक बाहेर काढायचं, की (क्ष + ३)(क्ष + ४) = ० मिळतं. उत्तरं −३ आणि −४. दोन-तीन दिवसांत हे हाताला बसलं. रात्री कामं आटोपली की दहा-दहा गणितं करायचे. बहुतेक बरोबर यायची.

मग एक गणित आलं: क्ष(क्ष − ३) = १०. मला वाटलं, हे तर निम्मं सुटलेलंच आहे, अवयव आयतेच पाडून दिलेत. मी लिहिलं, क्ष = १० किंवा क्ष − ३ = १०, म्हणजे क्ष = १३. मागे उत्तर होतं ५ आणि −२. लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, आधी सगळं डावीकडे घ्यायचं, उजवीकडे शून्य करायचं, मग अवयव पाडायचे." का, ते तिला सांगता येईना. तिच्या शाळेत तसंच सांगितलं होतं, माझ्या शाळेतही तसंच सांगितलं असतं. मी तसं करून पाहिलं: क्ष² − ३क्ष − १० = ०, (क्ष − ५)(क्ष + २) = ०. उत्तर आलं. पण मनातून गेलं नाही. शून्यावरच असं काय अडलंय?

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या घरच्या उशांचे अभ्रे आणि पडदे माझ्याकडेच शिवायला असतात. पडदे द्यायला गेले तेव्हा वही सोबत नेली. सरांनी गणित बघितलं आणि मलाच विचारलं, "ताई, दहा चौरस फूट कापड आहे. लांबी-रुंदी सांगा."

मी म्हटलं, "कसं सांगणार? पाच बाय दोन असेल, दहा बाय एक असेल, चार बाय अडीच असेल."

"बरं. आता असं कापड आहे ज्याचं क्षेत्रफळ शून्य. त्याचं काय सांगाल?"

मी जरा थांबले. मग म्हटलं, "एक तर त्याला लांबी नाही, नाहीतर रुंदी नाही."

सर हसले आणि वही परत दिली. तेवढंच होतं ते. दोन संख्यांचा गुणाकार दहा आहे एवढं कळून त्यातल्या एकीबद्दलही काही ठरत नाही. गुणाकार शून्य आहे असं कळलं की लगेच ठरतं: दोघींपैकी एक तरी शून्यच. अवयव पाडण्याची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. मधलं पद फोडा, कंस करा, हे सगळं त्या शून्यापर्यंत जाण्यासाठी. माझ्या मते हे वाक्य पहिल्या तासाला, पहिल्या गणिताच्याही आधी सांगितलं पाहिजे. मुलांना रीत येते, माझ्या लेकीलाही येते, पण गणित जरा वेगळ्या वेषात आलं की ती माझ्यासारखीच चकतात, कारण शून्य कशासाठी मागितलंय तेच माहीत नसतं.

त्याच आठवड्यात शून्याची दुसरी बाजू कळली. क्ष² = ६क्ष. मी दोन्हीकडचा एकेक क्ष उडवला आणि क्ष = ६ लिहून मोकळी झाले. सर म्हणाले, "क्षने भागलंत. क्ष शून्य असेल तर? शून्याने भागता येतं का?" खरंच, क्षच्या जागी शून्य टाकलं तरी दोन्ही बाजू सारख्याच. मी एक उत्तर कात्रीखाली घालवलं होतं. तेव्हापासून मी काही उडवत नाही. क्ष² − ६क्ष = ०, क्ष(क्ष − ६) = ०, उत्तरं दोन, ० आणि ६. आणि आलेलं प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात टाकून बघायचं, हीही सवय लावून घेतली. सर त्याला ताळा म्हणतात. शिवणात आपण माप दोनदा घेतो, तसंच.

तरी एक प्रश्न राहिला होता. बेरीज मधली आणि गुणाकार शेवटचा, हे तरी असं का? यावेळी सरांकडे जायच्या आधी मी स्वतःच बसले. कापडाचा विषय निघालाच होता. माझ्याकडे कतरणींची पिशवी भरलेली असते. त्यातून आठ इंचांचा एक चौरस कापला. तो क्ष². आठ इंच लांब आणि एक इंच रुंद अशा सात पट्ट्या. त्या ७क्ष. आणि एक-एक इंचाचे बारा तुकडे. म्हटलं, या सगळ्यांचा मिळून एक आयत होतो का बघू. गोधडी बेतताना हेच तर करतो आपण, हाताशी असलेले तुकडे चौकोनात कसे बसवायचे ते बघतो.

चौरस जमिनीवर ठेवला. एक पट्टी उजवीकडे लावली, सहा खाली लावल्या. कोपऱ्यात जागा उरली एक बाय सहाची, सहा तुकड्यांची. माझ्याकडे बारा. दोन पट्ट्या उजवीकडे आणि पाच खाली लावल्या, तर कोपऱ्यात दहाची जागा. दोन तुकडे तरीही शिल्लक. तीन उजवीकडे, चार खाली. कोपऱ्यात तीन बाय चारची जागा, बारा तुकडे नेमके बसले. एक बाजू क्ष + ३, दुसरी क्ष + ४.

मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. पट्ट्या दोन बाजूंना वाटायच्या, म्हणून दोन आकड्यांची बेरीज सात. वाटलेल्या पट्ट्यांच्या मधोमध जो कोपरा तयार होतो तो त्याच दोन आकड्यांचा गुणाकार, म्हणून बारा. मधलं पद फोडणं म्हणजे पट्ट्या वाटणं! लहानपणी पाठ केलेलं ते वाक्य माझ्यासमोर फरशीवर पसरलेलं होतं. चौरस आठ इंचांचा असायलाच हवा असंही नाही, अकरा इंचांचा घेतला आणि पट्ट्याही तेवढ्याच लांब कापल्या तरी आयत होतोच. क्ष कितीही असो, जुळणी तीच. लेकीला झोपेतून उठवून दाखवलं.

वजा चिन्हांनी मात्र अडवलं. कापड उणं कसं कापणार? क्ष² − ५क्ष + ६ घेऊन सरांकडे गेले. त्यांनी कागदाचा चौकोनी तुकडा घेतला, उजवीकडून दोन बोटं दुमडला, खालून तीन बोटं दुमडला. उरलेल्या भागाच्या बाजू क्ष − २ आणि क्ष − ३. "आता सांगा, किती गेलं?" उजवीकडची २क्षची पट्टी गेली, खालची ३क्षची गेली. "पण हा कोपरा?" कोपऱ्यातला दोन बाय तीनचा तुकडा दोन्ही पट्ट्यांत मोजला गेला होता. एकदा कमी करायचा तो दोनदा कमी झाला, म्हणून एकदा परत द्यायचा: अधिक सहा. उण्याला उण्याने गुणलं की अधिक येतं हे मी तीस वर्षं मान खाली घालून ऐकलं होतं. परकराच्या कोपऱ्याला दोन दुमडी एकावर एक आल्या की तिथे कापड जाड होतं, हे मात्र माझ्या बोटांना कधीपासून माहीत होतं.

क्ष² च्या मागे आकडा असला की काय करायचं, ते त्या मानाने लवकर उलगडलं. २क्ष² + ७क्ष + ३ मध्ये पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा, म्हणजे पदांतल्या आकड्यांचा, गुणाकार करायचा, २ × ३ = ६, आणि ६ चे असे दोन अवयव पाडायचे की बेरीज ७ येईल: ६ आणि १. गुणाकार कशाला करायचा, तर आयताचे चार भाग पाडून बघा. एका कोपऱ्यात २क्ष², समोरच्या तिरप्या कोपऱ्यात ३, उरलेल्या दोन कोपऱ्यांत पट्ट्या. आयताच्या तिरप्या कोपऱ्यांचे गुणाकार नेहमी सारखे येतात, कारण चारही बाजूंचे तेच ते तुकडे त्यात गुणले जातात. म्हणून दोन पट्ट्यांचा गुणाकार पहिल्या आणि शेवटच्या पदाच्या गुणाकाराइतका. (२क्ष + १)(क्ष + ३).

आता ज्या गणितासाठी मी हे लिहायला घेतलं ते सांगते. पुस्तकात शाब्दिक उदाहरणं असतात, वयाची, नावेच्या वेगाची, आयताकृती शेताची. ती मी सोडवली. पण एक गणित माझ्याकडे गिऱ्हाईक घेऊन आलं. बाळंतीण लेकीसाठी एका मावशींनी जुन्या नऊवारीची गोधडी शिवायला टाकली होती. चार बाय सहा फुटांची, नेहमीचंच माप. ती शिवून झाल्यावर म्हणाल्या, "चौफेर किनार लाव गं, हिरवी." आणि हिरवं सुती कापड देऊन गेल्या. मोजलं तर बरोबर अकरा चौरस फूट होतं. सगळं वापरायचं, वाया काही घालवायचं नाही, आणि किनार चारही बाजूंनी सारख्या रुंदीची हवी. पट्ट्या किती रुंद कापू?

एरवी मी अंदाजाने कापलं असतं आणि उरलेलं पिशवीत टाकलं असतं. त्या दिवशी वही उघडली. किनारीची रुंदी क्ष फूट. किनार दोन्ही अंगांनी येते, म्हणून रुंदी ४ + २क्ष आणि लांबी ६ + २क्ष. गोधडीचे २४ आणि किनारीचे ११ मिळून ३५ चौरस फूट.

(४ + २क्ष)(६ + २क्ष) = ३५

इथे पुन्हा तोच मोह होता, डावीकडे कंस तयार आहेत. पण उजवीकडे ३५. कंस सोडवले: ४क्ष² + २०क्ष + २४ = ३५. सगळं डावीकडे: ४क्ष² + २०क्ष − ११ = ०. चार आणि उणे अकराचा गुणाकार −४४. बेरीज २० हवी. ४४ आणि −१ ची बेरीज ४३. २२ आणि −२ ची २०. मग

४क्ष² + २२क्ष − २क्ष − ११ = ०
२क्ष(२क्ष + ११) − १(२क्ष + ११) = ०
(२क्ष + ११)(२क्ष − १) = ०

क्ष = −११/२ किंवा क्ष = १/२. किनार उणे साडेपाच फूट असू शकत नाही. उरला अर्धा फूट, म्हणजे सहा इंच. ताळा केला: पाच बाय सात, पस्तीस. बरोबर. चार कोपऱ्यांचे तुकडे वेगळे लावायचे ठरवलं, शिलाईला वेगळी माया सोडता येणार नव्हती म्हणून पट्ट्या गोधडीच्या काठावर चढवून घेतल्या आणि तेवढी गोधडी आत गेली. सहा इंचांच्या खुणा करून कापड कापलं, आणि कात्रीच्या शेवटच्या चिरेनंतर हातात काहीच उरलं नाही. मी ती गोधडी शिवताना रडले. का ते अजूनही नीट सांगता येत नाही.

सरांना दाखवायला घेऊन गेले तेव्हा ते एक वाक्य बोलले आणि माझं गावच बदलून गेलं. "ताई, पाटणादेवीला जाता ना?" जाते की, नवरात्रात दरवर्षी, चाळीसगावजवळच तर आहे. त्या पाटण्याला मंदिरात एक शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने १२०७ साली तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचं त्यात लिहिलंय. ज्या डोंगरात मी वर्षानुवर्षं ओटी भरायला जाते, तिथे आठशे वर्षांपूर्वी बीजगणित शिकवत होते. भास्कराचार्य अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणायचे, आणि एकाहून जास्त अज्ञात असतील तर त्यांना रंगांची नावं द्यायचे: कालक (काळा), नीलक, पीतक. रंगांची! मी तर त्या दिवसापासून लेकीच्या वहीतही पट्ट्या निळ्या आणि तुकडे पिवळे रंगवायला लावले.

त्यांची वानरांची दोन गणितं सरांनी घातली. पहिलं: कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडं रानात खेळतायत, उरलेली बारा डोंगरावर ओरडतायत, तर एकूण किती? (क्ष/८)² + १२ = क्ष. चौसष्टने गुणून सगळं एकीकडे घेतलं की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. बेरीज ६४, गुणाकार ७६८ असे आकडे शोधायला मला वेळ लागला. २४ आणि ३२ ची बेरीज ५६, कमी पडते. मग आकडे एकमेकांपासून लांब नेले: १६ आणि ४८. (क्ष − १६)(क्ष − ४८) = ०. दोन्ही उत्तरं चालतात. सोळातली चार रानात आणि बारा डोंगरावर, किंवा अठ्ठेचाळीसातली छत्तीस रानात आणि बारा डोंगरावर.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. क्ष² − ५५क्ष + २५० = ०, म्हणजे (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. मी दोन्ही उत्तरं लिहिली, कारण दोन्ही धन होती. सर म्हणाले, पाच घेऊन बघा. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. त्याचा वर्ग चार येतो खरा, आणि ताळाही बसतो, पण उणे दोन माकडं कुणी बघितलीत? भास्कराचार्यांनीही तिथे पाच हे उत्तर सोडून दिलंय, अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून. (त्यांची स्वतःची रीत अवयवांची नव्हती, वर्ग पूर्ण करण्याची होती, ती शेवटी येते.) मला हे फार पटलं. तोवर मी उणं उत्तर दिसलं की टाकून द्यायचे आणि धन दिसलं की ठेवायचे. आता आधी गोष्ट वाचते. समीकरणाला गोष्ट माहीत नसते, ती आपल्यालाच लक्षात ठेवावी लागते.

शेवटी ज्या गणिताने अवयवांची पद्धत संपवली ते होतं क्ष² + ६क्ष + ४ = ०. पुन्हा कतरणी काढल्या. एक चौरस, सहा पट्ट्या, चार तुकडे. एक आणि पाच वाटल्या, कोपरा पाचाचा. दोन आणि चार, कोपरा आठाचा. तीन आणि तीन, नऊचा. चाराचा कोपरा कुठेच होईना. सरांनी विवेचक काढायला शिकवला, म्हणजे मधल्या आकड्याच्या वर्गातून पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांच्या गुणाकाराची चौपट वजा करायची: सहाचा वर्ग ३६, त्यातून चार गुणिले एक गुणिले चार, म्हणजे १६ वजा, उरले २०. वीस हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून पूर्णांकांत अवयव पडणारच नाहीत. किनारीच्या गणितात शेवटचा आकडा उणे होता, म्हणून हाच आकडा ४०० अधिक १७६, म्हणजे ५७६ आला होता, चोविसाचा वर्ग. आधीच बघून घेतलं तर उगाच आकडे शोधत बसावं लागत नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"तीन-तीन वाटलेलं तसंच राहू द्या," सर म्हणाले. "काय दिसतंय?"

क्ष + ३ बाजूचा चौरस दिसत होता. कोपऱ्यात नऊची जागा, त्यात चार तुकडे. पाच कमी. मी पिशवीतून आणखी पाच कापले आणि कोपरा भरला. डावीकडे पाच वाढले, म्हणून उजवीकडेही पाच लिहिले: (क्ष + ३)² = ५. आणि मग मीच थबकले. उजवीकडे शून्य नाही.

"इथे चालेल?" सरांनी विचारलं.

मी चौरसाकडे बघितलं. दोन्ही बाजू एकाच मापाच्या होत्या. पाच चौरस फूट कापड, लांबी-रुंदी सारखीच. यावेळी माप सांगता येत होतं.